आईचा मुक्काम आणि माशांचं जेवण

माझ्या नवऱ्याची नोकरी डासांच्या अळ्या मारायची आणि हौस त्याच अळ्या जपायची. हिवतापाच्या खात्यात ते इन्स्पेक्टर होते. दिवसभर अकोल्यात लोकांचे रांजण उपडे करायचे, नाल्यांत तेल टाकायचे, बायकांच्या शिव्या खायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन काचेच्या पेटीतल्या माशांसमोर बसायचे. खात्याच्या शिक्षणासाठी मुंबईला गेले होते, तेव्हा बायकोला लुगडं आणायचं सोडून झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून चार मासे आणले. दोन नारिंगी, दोन काळे. पेटी इथल्याच सुताराकडून करवून घेतली. ती एका कोपऱ्यातून झिरपायची आणि पुसायची पाळी अर्थात माझी.

मासे मोठे मानी निघाले. कणकेची गोळी टाकली की जवळ यायचे आणि तोंड फिरवायचे. भाताच्या शिताकडे तर बघायचेही नाहीत. अळी दिसली की मात्र तुटून पडायचे. पण आमच्या ह्यांनी आपलं काम इतकं चोख केलेलं की गावात औषधालाही अळी मिळेना. मग अकोटकडे दौऱ्यावर गेले की गुरांच्या हौदात सरकारी तेल टाकायच्या आधी घरचा वाटा बाटलीत काढून आणायचे. ती बाटली आठवडाभर पुरवायची. पण दोन-तीन दिवसांतच अर्ध्या अळ्यांचे डास झाले आणि घरभर गुणगुण सुरू झाली. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "काहो, तुमच्याच घरी मच्छर? मंग आमचे रांजण काहून उपडे करून राहिले?"

ह्यावर ह्यांनी जी तोड काढली ती माझ्या मुळावर आली. लग्नात आईनं मला आइस्क्रीमचा पॉट दिला होता. लाकडी बादली, आत कल्हईचा डबा, वर फिरवायचा दांडा. माहेरून आलेल्या वस्तूंत माझी सगळ्यात लाडकी. ह्यांनी अळ्या फडक्यात गाळल्या, धुतल्या, घोटभर पाण्यासकट त्या डब्यात ओतल्या, भोवती बर्फ आणि खडे मीठ ठासून भरलं आणि वर ओलं पोतं टाकलं. काळपट वडी तयार. रोज सकाळी कारखान्यातला पोऱ्या बर्फ टाकून जायचा, तो भोवती भरला की वडी टिकायची. मी रागानं दोन दिवस अबोला धरला. ह्यांच्या तो लक्षातच आला नाही.

त्यातून देण्याची पद्धतही अशी की गोठलेला गोळा तसाच पेटीत सोडायचा. मासे घाबरून कोपऱ्यात जाऊन बसायचे आणि हे म्हणायचे, "लाजून राहिले ते."

अशात मे महिन्यात आई अमरावतीहून येणार असल्याचा निरोप आला. वडील गेल्यापासून ती भावाकडे असायची. वहिनी चांगलीच होती, पण इतकी चांगली की तिनं आईच्या हाताला कामच ठेवलं नव्हतं. नुसती बसलेली आई मला बघवत नसे. तिला आठ-पंधरा दिवस माझ्याकडे ठेवून घ्यावं, असं मला फार वाटे. पण लेकीच्या घरी एक रात्र आणि सकाळची पहिली एस.टी., हा तिचा नियम. माझ्यावर भार नको म्हणून आपल्या पोळ्यांचं पीठसुद्धा पिशवीतून आणायची. ह्या खेपेला मी मनाशी ठरवलं होतं, आइस्क्रीमचं आमिष दाखवायचं. आइस्क्रीमवर तिचा जीव. एक दिवस दूध आटवण्यात काढायचा, एक दिवस पॉट फिरवण्यात, पुढचं पुढे.

पॉट रिकामा करून राखेनं घासायचं ठरलेलं होतं. पण ह्यांना अचानक दौऱ्यावर जावं लागलं, आणि त्या वडीला हात लावायची माझी छाती होईना. तेवढ्यात आई दारात हजर. पाणी पिऊन झाल्या झाल्या म्हणाली, "मी देल्ला तो पॉट वापरतं का नाई?" आणि पोतं बाजूला करून झाकण उघडलं.

जिच्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत येत नव्हतं, ती माझी आई त्या डब्यात वाकून बघत होती. मी सगळं सांगून टाकलं. आता ही आल्या पावली परत जाते, माझ्या घरचं पाणीही पुन्हा पिणार नाही, अशी माझी खात्री झाली.

आईनं शांतपणे विचारलं, "मंग आज जेवले का ते?"

"मी नाई हात लावत त्याले. हे परवा येतीन, मंग देतीन."

"परवा?" आईचा आवाज चढला. "मुके जीव परवापर्यंत उपाशी ठेवशीन तू? काय खातात ते देवानं पाहावं. घरात कोणी उपाशी राह्यलं नाई पाह्यजे. अडकित्ता आण!"

माझ्या अडकित्त्यानं तिनं वडीचा तुकडा पाडला. तो वाटीत घालून विरघळू दिला. "गारगोटा पोटात गेला त दुखीन ना त्यायचं," म्हणाली. मग माझ्या चहाच्या गाळणीतून गाळून चिमूट चिमूट पाण्यात सोडलं. पहिली चिमूट संपल्याशिवाय दुसरी नाही. एक काळा मासा नारिंगीचा घास पळवत होता, त्याला बोट दाखवून दटावलं. मासे काचेपाशी येऊन तिच्या बोटांकडे टक लावून बघत होते. ह्यांच्यासाठी ते असे कधी आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पिशवी घेऊन निघाली आणि दारात थबकून माशांकडे बघत म्हणाली, "अन् आज यायले कोण देईन?"

"मी नाई," मी जरा जास्तच घाईनं म्हणाले.

तिनं पिशवी खाली ठेवली. हे दौऱ्यावरून आले, तरी ती हलेना. "जावईबापूले नाई जमत, ते गोळाच टाकतात," म्हणाली. लेकीच्या घरी राहू नये हे तिचं मत काही बदललं नव्हतं. पण आता ती लेकीकडे राहत नव्हती, माशांकडे कामाला होती. पिशवीतलं पीठ संपलं आणि ती माझ्या डब्यातलं घ्यायला लागली. आइस्क्रीम काही झालं नाही. मृग लागेपर्यंत ती राहिली. मला आनंद झाला आणि रागही आला. मी एवढी बोलावून थकले तेव्हा एक रात्र, आणि ह्या मेल्यांसाठी अख्खा उन्हाळा! एस.टी. सुटेपर्यंत खिडकीतून तिच्या सूचना चालल्या होत्या, त्याही माशांच्याच.

पुढच्या वर्षी ऊन तापायला लागलं तसं मी अमरावतीला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर आईला निरोप धाडला, "मासे जेवत नाहीत."

हे म्हणाले, "अवं, चांगले जेवून राहिले ना! फुगून चालले ते."

"तुम्ही दौऱ्यावर जा," मी म्हटलं.

निरोप पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आई आली आणि चपला काढून थेट पेटीपाशी गेली. चारही मासे पोटं सांभाळत काचेशी आले. तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे बघितलं. त्या वर्षी मी इतकी सुटले होते की झाडून सगळी पोलकी उसवून सैल करावी लागली होती.

"किती सुकली वं माय तू!" आई म्हणाली, आणि पिशवी उचलून आतल्या खोलीत ठेवून आली.