झऱ्याविना गेस्टहाऊस

जपानमधल्या त्या डोंगरी गावात गरम झऱ्याचं पाणी घरोघर नळाने जाई, पण ते कोणाला द्यायचं हे गावची समिती ठरवी. नेपाळहून आलेल्या सुकमाया तामांगने ओस पडलेलं घर घेऊन तीन खोल्यांचं गेस्टहाऊस उभं केलं, तेव्हा समितीने तिला नळ नाकारला.

"झऱ्याशिवाय इथे कुत्रंही उतरायचं नाही, सुकमायासान," समितीचे म्हातारे प्रमुख इनागाकी दारात येऊन म्हणाले. "गाशा गुंडाळा."

"होतं नव्हतं ते या घरात घातलंय, इनागाकीसान. आता कुठे जाऊ? तुमचा झरा तुम्हालाच लखलाभ. मला लाकडं फोडता येतात."

तिने दारावर ठळक पाटी लावली: 'इथे झऱ्याचं पाणी नाही. आंघोळीचं पाणी मालकीण स्वतः लाकडांवर तापवते.' मग इनागाकींच्या देखतच तिने कुऱ्हाड उचलली.