ज्याने बसवलं, त्यानेच उठवायचं

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी भाजीबाजारात होतो आणि आमचा कुत्रा बंड्या मेथीच्या जुड्यांशेजारी शांत बसला होता. "काय झालं भाऊ?" भाजीवालीने विचारलं. "ताई गेली," मी म्हटलं. तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि आधी बंड्याकडे बघितलं. भाजीला नाक न लावता बसायचं त्याला ताईनेच शिकवलं होतं...

ताई माझी थोरली बहीण. आई-बाबांमागे मुलुंडच्या घरात आम्ही दोघंच. बाबा मालवणकडचे, गिरणीत होते. घराण्यातला पहिला पदवीधर मी, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. ताई रिटायर झाल्यावर कुत्रे शिकवायला लागली. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत लोक आपापले कुत्रे घेऊन यायचे. कोणी हात मिळवायला शिकवा म्हटलं की ही म्हणे, "सर्कस काढायचीय का?" सुटलेल्या शाळेसमोरून नीट जाणं, रिक्षात पायाशी बसणं, ढोल वाजला तरी दोरी न ओढणं, एवढंच ती शिकवे. नियम एकच : ज्याने बसवलं, त्यानेच उठवायचं. कुत्र्याला बसवून गप्पांत रमलेल्या मालकाला ती सगळ्यांसमोर झापायची. "तो तुझ्या शब्दावर बसलाय रे. तू विसरलास तर त्याने बघायचं कोणाकडे?" उठवायचा तिचा शब्द अस्सल मालवणी होता : "झाला, चल."

बंड्या रस्त्यावरचा. तिने त्याला घरी आणला आणि सोसायटीत बोंबाबोंब झाली. पाचव्या मजल्यावरच्या सबनीसकाकूंना लहानपणी कुत्रा चावलेला. मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या, लिफ्टमध्ये हा नको म्हणजे नको. मी नियमांचे कागद घेऊन उभा राहिलो, तर ताईने शर्ट ओढून मला खाली बसवलं. "भीती वाटते रे त्यांना. भांडून जाणार आहे का ती?" दुसऱ्या दिवसापासून काकू लॉबीत दिसल्या की बंड्या भिंतीकडे तोंड करून बसायचा. काकू लिफ्टने वर गेल्या, की मग "झाला, चल." असं कितीतरी दिवस चाललं. एकदा काकूंनीच लिफ्टचं दार धरून ठेवलं. "या आत. पण तोंड तिकडेच हं त्याचं!"

मग ताईच्या जुन्या पोटदुखीचं कारण कळलं, आणि ते बरं होणारं नव्हतं. त्या आठवड्यापासून तिने बंड्याला हाक मारणं सोडलं. तो तिच्याकडे बघायचा, ती खिडकीकडे तोंड फिरवायची. मी "सिट" म्हटलं की आतून आवाज यायचा, "ऑफिसात आहेस का? बस म्हण!" बंड्या मला मोजायचाच नाही. ऑफिस, डॉक्टर, डबा आणि वर हा... एका संध्याकाळी वैतागून म्हटलं, "आता पुरे गं." ती म्हणाली, "मी गेल्यावर हा लिफ्टमध्ये भुंकला, तर लोक याला परत रस्त्यावर काढतील. तुझं ऐकायला हवं त्याने." दुसऱ्या सकाळी मी पुन्हा दोरी हातात घेतली. हळूहळू तो माझं ऐकायला लागला.

तिला न्यायला ॲम्ब्युलन्स आली तेव्हा गेटजवळच्या बाकाशी बंड्या आपणहून बसला. ती दुकानात जायची तेव्हा बसायचा तसाच. स्ट्रेचर पुढे चाललं होतं. ताईने हात वर केला, माणसं थांबली. किती दिवसांनी तिने त्याच्याकडे सरळ बघितलं. "झाला, चल," म्हणाली. तो उठला आणि माझ्या पायाशी येऊन उभा राहिला. मला ती काहीच बोलली नाही.

आता लोक विचारतात, "तिची वाट बघत बसतो का हो गेटवर?" त्यांना हो ऐकायचं असतं. पण नाही बसत. जेवतो, फिरतो, काकू दिसल्या की भिंतीकडे तोंड करतो. तिने त्याला नीट उठवलं होतं.

संध्याकाळी फिरून आलो की मी त्या बाकावर टेकतो. दिवे लागतात, रिक्षा येतात-जातात, माझं अंग काही हलत नाही. बंड्या समोर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत असतो... शेवटी मीच म्हणतो, "झाला, चल." आणि गुडघ्यांवर हात टेकून उठतो.