खणाची हिरवी चोळी

वालचंदनगर, १२ जानेवारी २०२४, शुक्रवार. सकाळी धुकं. नळाला पाणी उशिरा. जेवणाच्या आधी कुशाबाई आली, दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

दुपारपर्यंत वहीत एवढंच लिहिलं होतं. बाकीचं आता सांगते.

कुशाबाई जवळच्या कळस गावची. आमचे हे होते तेव्हापासून माझ्याकडे स्वयंपाकाला. तिच्या मुलाचं, संदेशचं, लग्न ठरलं आणि तिला एकच ध्यास लागला. तिच्या स्वतःच्या लग्नात आईनं हातानं शिवलेली खणाची चोळी वरमाय म्हणून घालायची. आई त्याच वर्षी गेली होती. "ती अंगात गेली की आई पाठीवरनं हात फिरवती असं वाटंल," म्हणायची. पण चोळीची गाठच बसेना.

मग गावातल्या एका बाईकडून तिनं वजन उतरवायची पूड आणली. डब्यावर नाव ना पत्ता, नुसतं हिरवं पान. रोज सकाळी कोमट पाण्यातून घ्यायची. वजन उतरलं, मग भूक गेली, मग डोळे पिवळे झाले. घरच्यांनी काविळीची माळ आणून डोक्यावर ठेवली. ती लांबत लांबत पायाशी उतरली की कावीळ उतरली म्हणतात. माळ कमरेपर्यंत आली, तरी इकडे पूड चालूच.

शेवटी बारामतीला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरी कुठलं औषध घेत होता का?" तिनं "न्हाय" सांगितलं. मी पेज घेऊन गेले, तर ही उशाखालून डबा काढून पेल्यात चमचा ढवळत होती.

"अगं, हे काय?"

"औषध न्हाय बाई, झाडपाला हाय. शेरडं खात्यात असला."

"शेरडांना वरमाय व्हायचं नसतं. दे इकडं."

डबा डॉक्टरांना दाखवला. लिव्हरला इजा बहुधा यानंच झाली, ते म्हणाले. आणखी घेत राहिली असती तर हाताबाहेर गेलं असतं.

त्या शुक्रवारी आली ती निम्मी होऊन. पिशवीतली चोळी घालून दाखवली. पाठीवर झोळ पडला होता.

"आता गाठ बसती," ती म्हणाली, "पर आईचा हात लागंना."

मी मऊ भात वाढला. थोडा खाल्ला. चोळी माझ्याकडे ठेवून गेली.

संध्याकाळी वहीत लिहिलं: चोळी दोन्ही बाजूंनी बोटभर आत घेऊन धावदोरा घातला, पुढे उसवता येईल असा. हिरवा दोरा संपला.