कुंडलच्या उसातला हिमालयी बाज

पौषातला रविवार. स्थळ: कुंडल, आमच्या मळ्यातला ऊस. हजर: मी, आमचे हे, सासूबाई, लष्करातून निवृत्त झालेले दीर विलासभाऊजी आणि ऊसतोडीची टोळी. गैरहजर (थोड्याच वेळात): पक्षी.

तोडणी जोरात चालली होती. तरी बांधावरच्या बाभळीवर घारीएवढा, पांढऱ्या भुवईचा एक पक्षी निवांत बसला होता. ह्यांनी मोबाइलवर एक हललेला फोटो काढला आणि सांगलीच्या त्यांच्या पक्षीमित्राला पाठवला. लगेच फोन आला, तो मीच उचलला. हा आपला नेहमीचा शिक्रा नव्हे, त्याचा थोरला भाऊ, हिमालयाकडचा बाज वाटतोय. आपल्याकडं दिसला तर मोठीच बातमी! पण छातीवरचे आडवे पट्टे स्वच्छ दिसणारा फोटो हवा, नाहीतर कुणी मानणार नाही. "मी गाडीला किक मारतोय वहिनी, तेवढं त्याला बसवून ठेवा."

बसवून ठेवा! (मी भिशीच्या बायकांना वेळेवर बसवते, तिथं पक्ष्याचं काय?) पक्षीमित्रांच्या नोंदीत आमच्या घराचं नाव लागणार होतं. मी सूत्रं हातात घेतली. ट्रॅक्टर बंद, गाणी बंद, तोडणी बंद. टोळीला चहा देऊन बांधाआड बसवलं. ह्यांना खोकला होता, त्यांची रवानगी विहिरीकडं. भाऊजी तर खूश; इतक्या वर्षांनी त्यांना पहारा मिळाला होता. मी बाभळीपुढं ओठांवर बोट ठेवून उभी राहिले. मळ्यात अशी शांतता झाली की परीक्षेच्या वर्गानं लाजावं.

बाजानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं आणि तो कडेगावच्या दिशेनं निघून गेला.

"आई, येवढं गप बसूनबी उडालं कसं?" भाऊजींनी विचारलं.

सासूबाई उसाचं कांडं सोलत होत्या. "आरं, कोयता चालतोय तवर उंदरं भाइर पळत्यात. त्यासाठनं आलं हुतं ते. हिनं पंगत उठवली आन् पाव्हण्याला म्हणती, बसा."

बांधाआड अख्खी टोळी हसून लोळली.

पक्षीमित्र धापा टाकत आला, तेव्हा दाखवायला भाऊजींनी काढलेला एकच स्वच्छ फोटो होता. त्यात मी ठसठशीत, आणि माझ्या अंबाड्यामागून डोकावणारी एक शेपटी. त्यानं फोटो बराच वेळ मोठा करून पाहिला.

"शेपटी बाजाचीच वाटतीय वहिनी," तो म्हणाला, "पण उरलेल्या पक्ष्यानं साडी नेसलीय."

नोंद अडकली आहे. पुढच्या आठवड्यात शेजारच्या फडात तोडणी आहे. बाज परत येईल, असं सासूबाई म्हणतात. मलाही नेणार आहेत, पण मी एकही सूचना द्यायची नाही, या अटीवर. कॅमेरा, दुर्बीण, चहाचा थर्मास, सगळी तयारी झाली आहे. गप्प बसायची तेवढी व्हायची आहे.