हॉलमधला एकच हूक

डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये बिल्डरने स्लॅबला एकच हूक ठेवला होता. त्याला पंखा होता आणि कोणाची काही तक्रार नव्हती. मग एका रविवारी बाबा कल्याणहून खोकं मांडीवर घेऊन रिक्षाने आले. तिथल्या एका म्हाताऱ्या मंडपवाल्याने जुनं सामान विकायला काढलं होतं. लग्नांत आता सगळ्यांना रंगीत दिव्यांच्या माळा हव्या होत्या. खोक्यात झुंबर होतं.

बाबा ठाण्याला सरकारी कचेरीत कारकून. एरवी दोन वाक्यांपलीकडे न बोलणारा माणूस त्या दिवशी थांबेना. पूर्वी यात मेणबत्त्या लावायचे, मग कोणीतरी बल्बचे होल्डर बसवले, हे बघ, वाट्यांच्या तळाशी अजून मेण आहे. आणि काच बेल्जियमची! जुनी काच म्हटली की ती बेल्जियमचीच असते, तिला दुसरा देश नसतो.

"टांगणार कुठे?" आईने विचारलं. बाबांनी पंख्याकडे बघितलं आणि खोकं कॉटखाली सरकवलं.

तेव्हा मला दाखवण्याचे कार्यक्रम चालू होते. तीन नकार येऊन गेलेले. माझं कशातच मन लागत नव्हतं. चौथा मुलगा कॉलेजात शिकवायचा. त्याला मी आतेबहिणीच्या लग्नात पाहिलं होतं, मोकळं हसायचा. हे जमावं असं मला फार वाटत होतं, आणि तसं मी बाबांना एकदा बोलूनही गेले.

मे महिना, दुपारचे चार. साडी नेसून बाहेर येते तर पंखा कॉटवर पडलेला, आणि बाबा स्टुलावर उभे राहून लोलक पुसताहेत.

"अहो बाबा, उकडेल त्यांना!"

"अगं, घरात शिरल्याशिरल्या सगळे वर बघतील," ते म्हणाले आणि दिवसाढवळ्या आठही बल्ब लावले.

वर बघितलं खरं सगळ्यांनी. "छान आहे हो," म्हणत मुलाची आई पदराने वारा घेऊ लागली. वडिलांचा रुमाल भिजला. पोह्यांच्या बशा देताना माझाच घाम बशीत पडतो की काय, असं झालं. निघताना मुलाचं डोकं झुंबराला लागलं, लोलक किणकिणले आणि तो हसला. त्या हसण्यावर मी आठ दिवस काढले. गॅलरीत येरझाऱ्या, पोस्टमन दिसला की जिन्यात धाव.

कार्ड आलं: पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळली होती.

"तुमच्या झुंबरापायी गेलं माझं स्थळ!" मी ओरडले. त्याच संध्याकाळी बाबांनी पंखा परत चढवला. नकार नक्की कशाने आला, ते मला आजही माहीत नाही.

दोन वर्षांनी दुसरीकडे लग्न झालं. पुढे आम्ही ठाण्यात फ्लॅट घेतला, तेव्हा बाबा बघायला आले. चपला काढायच्या आधीच त्यांनी वर बघितलं.

"हॉलला दोन हूक आहेत गं."

ते काय विचारताहेत, ते मला लगेच कळलं.

"दोन्हींना पंखे लागणार आहेत, बाबा."

"हो, बरोबर आहे. उकडतं फार."

चहा घेऊन ते निघाले. दाराबाहेर भिंतीशी ठेवलेलं खोकं त्यांनी उचललं, तेव्हा ते मला दिसलं. जिना उतरताना लोलक वाजत होते, पार खालच्या मजल्यापर्यंत. हाक मारावीशी वाटत होती. मी मारली नाही.