शनिवारची कढई

रोह्याच्या एसटी स्टँडसमोर ‘फास्ट फूड’ अशी पाटी पहिल्यांदा लागली, तेव्हा सगुणाने ती नवऱ्याकडून वाचून घेतली आणि तिचा अर्थ विचारला. झटपट खाणं, असं रघूने सांगितल्यावर तिला हसू आलं. तिच्या गाडीवर आजवर काही झटपट मिळालं नव्हतं. शनिवारी तर वड्यासाठी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत उभं राहावं लागे, आणि माणसं मुकाट उभी राहत. कुणाला ही थाप वाटत असेल तर त्याने धाटावच्या कारखान्यांतल्या एखाद्या जुन्या कामगाराला विचारून बघावं. तो आधी आवंढा गिळेल, मग बोलेल.

सगुणा मूळची पेणच्या खाडीकाठची. बाप मिठागरावर राबायचा आणि ही परकरी पोर डोक्यावर मिठाची पाटी घेऊन पेणमध्ये घरोघर फिरायची. त्यातलं एक घर दीनाच्या आईचं. दीना इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणतात त्या ज्यू लोकांतली. पुढे दीना लग्न करून रोह्याला आली ती सॉलोमन तेल्याच्या घरात, आणि काही वर्षांनी सगुणाही रोह्यालाच पडली. खाडीवरची दोन माणसं परगावी भेटली की काय होतं ते सांगायला नको. पहिल्या दिवाळीपर्यंत दोघी एकमेकींच्या चुलीपाशी बसायला लागल्या होत्या.

वड्याची गाडी टाकायची कल्पनाही दीनाचीच. तिने आपल्या आईची पेणहून आणलेली लोखंडी कढई सगुणाच्या पुढ्यात ठेवली आणि एकच अट घातली. या कढईत कोलंबी पडता कामा नये. इस्रायली लोकांना खवल्यांची मासळी चालते, कोलंबी चालत नाही. कढई आईची आणि आपल्याला त्यातलं खायचंय, म्हणून ही अट. आता खाडीकाठच्या बाईला कोलंबीची भजी करू नको म्हणायचं म्हणजे शिक्षाच. गिऱ्हाईकं मागायची, रघू तर घरात रोज मागायचा. पण सगुणाने शब्द दिला तो दिला. घरच्या कोलंबीला घरचा तवा, गाडीच्या कढईत फक्त बटाटेवडा.

तेल सॉलोमनच्या घाण्याचं. रोज सकाळी किटली घेऊन जायचं आणि ताजं शेंगदाण्याचं तेल घेऊन यायचं. शुक्रवारी सूर्य मावळला की सॉलोमन घाणा बंद करी, तो शनिवारी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत. तेवढ्या वेळात त्यांच्या घरात चूलसुद्धा पेटत नसे. शुक्रवारी जास्तीचं तेल घेऊन ठेव, असं त्याने सगुणाला कितीदा तरी सांगितलं. तिने ऐकलं नाही. ज्याच्या तेलावर आपली चूल चालते त्याची सुट्टी ती आपली सुट्टी, असा तिचा हिशेब. रघूने डोक्याला हात लावला. ना जातीने ना धर्माने आपला शनिवाराशी संबंध, आणि धंद्याच्या दिवशी गाडी बंद. पण सगुणापुढे कुणाचं चाललंय?

तर शनिवारी संध्याकाळी ती गाडी लावून, बेसन कालवून, चूल न पेटवता बसून राही. धाटावची पहिली पाळी सुटून गेलेली असे, गावातली माणसं फिरायला निघालेली असत, आणि सगळी गाडीभोवती माना वर करून उभी. कुणी म्हणे ती बघ चांदणी, दुसरा म्हणे विमान हाय ते. पहिल्या दोन चांदण्या लवकर सापडत, तिसरी हटकून नारळाच्या झावळीमागे लपलेली असे. पावसाळ्यात तर आभाळच नसे, तेव्हा सॉलोमनने ढगाकडे बघून मान हलवली की तीच तिसरी चांदणी. मग सॉलोमनच्या घरून तेलाची किटली भरून येई आणि सगुणा काडी ओढी. पहिल्या घाण्यातला पहिला वडा सॉलोमनचा. दिवसभर गार खाल्लेला तो माणूस तिथेच उभ्या उभ्या, हातावर फुंकर मारत तो खाई, आणि मग बाकीच्यांचे हात पुढे येत.

काय वडा होता तो! हाताच्या मुठीत मावायचा नाही. वरचं आवरण पातळ, आत बटाटा हाताने फोडलेला, भरडलेल्या धण्याचा दाणा मधेच दाताखाली यायचा. चटणीला सुकं खोबरं आणि लसूण, दोन्ही पाट्यावर वाटलेलं. पाव लाकडाच्या भट्टीतला, बुडाला किंचित करपलेला आणि हातात घेतला की वजन लागणारा. एक वडापाव खाल्ला की दुसरी पाळी निभावून जायची. आज ज्यांना हे सांगावं ते म्हणतात, तुमच्या वेळचं सगळंच मोठं होतं. हो, होतं. त्यात आमचा काय दोष?

एक्क्याण्णव साली सॉलोमन आणि दीना इस्रायलला जायला निघाले. थोरला मुलगा जोनाथन आधीच तिकडे पोचला होता, इस्रायली आळीतली घरं एकेक करून कुलपात गेली होती, आणि प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषही जमेनासे झाले होते. घाण्याचं लोखंड भंगारवाल्याने नेलं. दीना निघताना सगुणा कढई परत द्यायला गेली, तर तिने हात लावला नाही. कढईला गाडीवरच राहू दे म्हणाली, अट तेवढी सांभाळ. दोघी खूप रडल्या. एसटी सुटल्यावर सॉलोमनने खिडकीतून हात हलवला नाही, तो आभाळाकडे बघत होता. दुपारची वेळ होती, आभाळात काही नव्हतं.

त्यानंतर वडा बिघडायला सुरुवात झाली, पण ती अशी की एका दिवशी कुणाला दाखवता आली नसती. आधी बाजारातलं शेंगदाणा तेल आलं. मग धाटावातली रघूची कंपनी बंद पडली आणि गाडी हा जोडधंदा राहिला नाही, घर तिच्यावर आलं. शनिवारची सुट्टी गेली. मग पामतेलाचा डबा आला. शेजारी लागलेल्या गाड्या स्वस्तात विकत होत्या. भाव वाढवावा तर कंत्राटावरची पोरं तिकडे वळत, म्हणून भाव तोच ठेवला आणि वडा लहान केला. पुढे बटाट्यात शिळ्या पावाचा चुरा पडू लागला. काल उरलेल्या तेलात आजचं तेल पडू लागलं. खोबरं गेलं, चटणीत बेसनाचा चुरा आणि तिखट राहिलं. बेकरीवाल्यानेही लाकूड सोडलं आणि त्याचा पाव असा फुगला की दाबला तर चिमटीत यायचा. गाडीवर गर्दी मात्र कमी झाली नाही. सगुणा कधी कुरकुरली तर बटाटे सोलता सोलता रघू म्हणायचा, “लोकांना कळत नाय गो.” तिलाही ते खरं मानायचं होतं. खरं मानलं म्हणजे झोप लागायची.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात एका गुरुवारी दुपारी गाडीसमोर रिक्षा थांबली आणि दीना उतरली. केस पांढरे, पायात बूट, पण चाल तीच. आईबापाच्या कबरींची डागडुजी करायला ती एकटीच आली होती. सॉलोमनचे गुडघे गेले होते, त्याला विमानात बसवणं शक्य नव्हतं. सगुणा हातातला झारा टाकून पुढे धावली. दीना मात्र आधी कढईपाशी गेली, काठावर बोट फिरवलं आणि विचारलं, “कोलंबी पडली नाय ना गो हिच्यात?”

सगुणाने नाही म्हणून मान हलवली. ते खरंच होतं. कोलंबी पडली नव्हती, बाकी सगळं पडलं होतं.

दीनाने वडा मागितला. नको म्हणायला कारण काय देणार? सगुणाने त्यातल्या त्यात मोठा बघून दिला. दीनाने एक घास घेतला, जरा थांबली, आणि मग सगळा संपवला. चटणीही बोटाने पुसून खाल्ली. “चव तीच हाय,” ती म्हणाली, आणि पदराला हात पुसायची जुनी सवय असल्याने अंगावरच्या झग्याला हात पुसला. मग तिने खरं काम सांगितलं. शनिवारी चांदण्या दिसल्यावर ती मुंबईला निघणार होती, दुसऱ्या दिवशीचं विमान होतं. सॉलोमनने रोह्याहून बाकी काही मागितलं नव्हतं, फक्त सगुणाचे वडे. सात वर्षं तो त्यांची आठवण काढत होता. बांधून ठेव, मी येते, असं सांगून ती रिक्षात बसली.

सगुणाला त्या दिवशी गाडीवर उभं राहवेना. गिऱ्हाईकं फसली तर फसली, ती रोज खातात, त्यांची जीभ तिच्याबरोबरच हळूहळू उतरली होती. पण सॉलोमनची जीभ एक्क्याण्णव सालात होती. तो तिकडे परक्या देशात, खुर्चीत बसून हा वडा तोंडात घालणार आणि त्याला वाटणार, आपण आठवत होतो ते असं होतं? म्हणजे आताचा वडा तर गेलाच, त्याच्याकडे शिल्लक होता तोही जाणार. तिने ते रघूला बोलून दाखवलं. रघू म्हणाला, दीनाला तरी कळलं नाय. त्यावर सगुणाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पुन्हा बटाट्यांकडे वळला.

शुक्रवारी सकाळी गाडी न लावता तिने पेणची एसटी पकडली. नागोठणं गेलं, डोलवीच्या कारखान्याचा धूर दिसला, वडखळला अर्धी गाडी उतरली. पेणमध्ये तेलाच्या दुकानांतून तिला डबेच डबे दाखवले, घाणा कुणाकडे नव्हता. शेवटी एका दुकानदाराने गावाबाहेरच्या कमळाकर तेल्याचं नाव सांगितलं. म्हातारा देवळांच्या दिव्यापुरतं तिळाचं तेल काढायचा, बाकी घाणा झाकलेला. शेंगदाणे तिने रोह्याहूनच पिशवीत नेले होते. आता कोण कुठे घाणा धुवत बसेल, असं म्हणून कमळाकरने तिला वाटेला लावलं होतं, पण दारात थांबून ती म्हणाली, “शनिवारसाठी पायजे ओ.”

तेल्याकडे येऊन शनिवारचं नाव कोण काढतं ते त्या म्हाताऱ्याला बरोबर कळलं. पेणची इस्रायली घरं त्याच्या शेजारची, घाण्याचं काम तो त्यांच्यातच शिकलेला. त्याने कुणाला तेल पाहिजे तेवढं विचारलं आणि घाण्यावरचं गोणपाट काढलं. पहिली धार पडली तसा तो वास सुटला. सगुणा पोत्यावर बसली होती, तिने तोंडावर पदर घेतला आणि मनसोक्त रडून घेतलं.

शनिवारी दिवसभर गाडी बंद राहिली. माणसं येऊन विचारून गेली, कुणी आजारी आहे का. सगुणाने वाळू आणि राखेने कढई घासली, इतकी की आतलं लोखंड पुन्हा दिसलं. पाट्यावर खोबरं आणि लसूण वाटलं, धणे भरडले. संध्याकाळी तिने गाडी लावली आणि चूल न पेटवता बसून राहिली. नव्या पोरांना काही उमगेना. एक जुना कामगार मात्र सायकलवरून चालला होता, तो उतरला, सायकल स्टँडवर लावली आणि आभाळाकडे बघायला लागला. मग दुसरा थांबला. तिसरी चांदणी झावळीमागेच होती.

दीना आली तेव्हा पहिला घाणा निथळत होता. तिला काही सांगावं लागलं नाही. रिक्षातून उतरतानाच तिला वास आला आणि ती एक पाय खाली, एक पाय आत अशी थांबली. सगुणाने पहिला वडा तिच्या हातावर ठेवला. ती हातावर फुंकर मारत, उभ्या उभ्या खात होती, आणि खाता खाता तिचे डोळे वाहायला लागले.

“परवा मी खोटं बोलले गो,” ती म्हणाली.

“ठाऊक हाय,” सगुणा म्हणाली, आणि सॉलोमनचे वडे केळीच्या पानात बांधायला घेतले.

ते तेल रोज परवडणारं नव्हतं. रविवारी पामतेलाचा डबा परत आला, वडा परत लहान झाला, पोट भरायचं तर दुसरा इलाज नव्हता. पण शनिवारची गाडी बदलली. कमळाकर एसटीवाल्याच्या हाती किटली पाठवतो, सगुणा कढई घासून ठेवते, आणि चांदण्या दिसल्याशिवाय काडी ओढत नाही. रांगेतल्या पोरांना चांदण्यांचा आणि वड्याचा संबंध ठाऊक नाही. शनिवारचा वडा चांगला असतो एवढं त्यांना ठाऊक आहे, आणि शेजारची ‘फास्ट फूड’ची गाडी त्या वेळी ओस पडते.

पहिला वडा ती अजून बाजूला काढते. तो न्यायला कुणी येत नाही, शेवटी गाडी आवरताना रघू तो खातो. गार झालेला असतो, तरी सावकाश खातो. लोकांना कळत नाही, असं तो त्यानंतर कधी बोलला नाही.