तिचा समुद्र आणि माझा हरण्या

माझ्या वडिलांच्या मोबाइलवर लावलेला फोटो माझ्या मैत्रिणीचा आहे. संशोधनाच्या जहाजावर ती उभी आहे, डोक्यावर नारिंगी हेल्मेट, हातात शंकूसारखी लांब जाळी, मागे नुसतं पाणी. धुळ्याच्या घरी कोणीही आलं की आबा मोबाइल पुढे करतात. "हाई मनी दुसरी पोर शे," असं सांगतात. पहिली पोर मी. जळगावच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि केळीच्या रोगावर काम करते. रावेरच्या बागेत पान कापतानाचा माझाही एक फोटो मी आबांना पाठवला होता. "चांगला शे," म्हणाले. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही.

आम्ही दोघी धुळ्यात एकत्र शिकलो. तिच्या वडिलांचे यंत्रमाग घराला लागूनच होते आणि दिवसभर त्यांची खडखड चालायची. त्यामुळे परीक्षा आली की ती पुस्तकं घेऊन आमच्याकडे राहायला यायची. आबांचं तिच्याशी तेव्हाच जमलं. मी पाठ करून अभ्यास करायची. ती मधेच उठून आबांना काहीतरी विचारायची, गव्हाला तांबेरा कसा पडतो, दोन शेतांत एकाच दिवशी का पडत नाही. मार्क मात्र मला जास्त पडायचे. हे आता कोणाला आठवत नाही, मला आठवतं.

एम.एस्सी.ला आम्ही दोघी एकाच कॉम्प्युटरसमोर बसून जनुकांचे क्रम वाचायला शिकलो. कल्पना साधी आहे. कोणताही जीव आपल्या आनुवंशिक मजकुराची नक्कल करताना कुठेतरी चुकतो. ती चूक पुढच्या पिढीत तशीच उतरते. ज्या दोघांत एकसारख्या चुका सापडतात, त्यांचा पूर्वज जवळचा. अशा चुका जुळवत गेलं की वंशाचं एक झाड तयार होतं. करोनाच्या काळात व्हेरिएंट हा शब्द भाजीबाजारातही ऐकू यायला लागला, तेव्हा आमचा विषय नातेवाइकांना पहिल्यांदा कळला. तिने हेच काम समुद्रातल्या प्लवकांवर केलं. म्हणजे पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव आणि त्यांना होणारे विषाणू. पीएच.डी.साठी ती गोव्याला गेली आणि तिथलीच झाली. मी लग्न होऊन जळगावात आले आणि हरण्या धरला.

हरण्या हे रावेरकडच्या शेतकऱ्यांनी दिलेलं नाव. केळीच्या पानावर पिवळे पट्टे उमटतात, पोगा, म्हणजे मधला कोवळा कोंब, सडतो, झाड उपटून टाकावं लागतं. विषाणूचा रोग आहे, मावा नावाची बारीक कीड तो पसरवते. मी बागांमधून पानं आणायची, त्यातून विषाणूचा मजकूर वेगळा करायची, बर्फात बांधून पुण्याला पाठवायची. अक्षरांची लांब माळ ईमेलने परत यायची. काम चांगलं चाललं होतं. पण तिचा नवा लेख छापून आला की कामात मन लागायचं नाही. तो मी पहिल्याच दिवशी शोधून वाचायची. कुठे चूक सापडते का, ते बघायची. नवरा म्हणायचा, "जळगाव हे नाव तुझ्यावरूनच पडलंय." मी हसायची नाही.

अशात आमच्या कॉलेजने तिला व्याख्यानाला बोलावलं. प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, तुमच्याच गावच्या ना त्या? मग ओळख तुम्हीच करून द्या."

मी ओळख करून दिली. चांगली करून दिली. मग ती उठली आणि पहिल्या पाच मिनिटांत तिने अख्खं सभागृह बोटीवर चढवलं. लाटेने पोट ढवळत असताना बादलीभर पाणी कसं गाळायचं, त्या बादलीत किती घराणी नांदत असतात, एका प्लवकाच्या मजकुरात जुन्या विषाणूचा तुकडा कसा कायमचा अडकून बसलेला सापडतो. माझ्या वर्गात मान वर न करणारी मुलं हात वर करून प्रश्न विचारत होती. एका मुलीने तर विचारलं, "मॅडम, जहाजावर जायला काय शिकावं लागतं?" मी त्या मुलीला दोन वर्षं शिकवत होते. रावेरला यायचं का विचारलं, तर तिला ऊन लागायचं.

दुपारी माझ्या खोलीत चहा पिताना ती म्हणाली, "तुझ्या हरण्याचं वंशाचं झाड दाखव ना."

मी लॅपटॉप उघडला. सगळे नमुने एका बाजूला दाट गर्दी करून होते आणि रावेरच्या एका बागेतला एकच नमुना लांब, एकटा पडलेला होता. त्या नमुन्याने मला बरेच महिने छळलं होतं. हा बाहेरून आलेला नवाच वंश असावा, असं मी मनाशी ठरवत आणलं होतं.

ती स्क्रीनवर वाकली. "हे झाड कोणत्या तुकड्यावरून काढलंय?"

"बाहेरच्या कवचाच्या."

"फक्त तेवढाच?"

त्या "फक्त"ने माझे कान तापले. या विषाणूचा मजकूर तीन वेगळ्या तुकड्यांत असतो. एकाच झाडात दोन जातींचे विषाणू शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. मला हे माहीत होतं. मी हे फळ्यावर काढून शिकवते. पण बहुतेक जण एकाच तुकड्यावर भागवतात, तसं मीही भागवलं होतं.

"तिन्ही तुकड्यांची तीन झाडं काढून बघ," ती म्हणाली. मग त्या एकट्या नमुन्यावर बोट ठेवून, "नाहीतर मग नमुनाच मिसळला असेल. होतं असं प्रयोगशाळेत."

"मी स्वतः कापलंय ते पान," मी म्हणाले.

"अगं, मी सहज म्हटलं. माझ्याकडे पाठव हवं तर. आमच्याकडे मशीन आहे, लगेच करून देईन."

"बघू," मी म्हणाले आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकत्रच धुळ्याला गेलो. आबा ओट्यावर वाट बघत बसलेले. जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेवभाजी होती, तिच्या आवडीची. मला कळण्याची भाकरी तितकी आवडत नाही. आबांनी तिला विचारलं, "समुद्रमा तुले भ्याव लागस का नही?"

"लागस ना आबा," ती म्हणाली. गोव्यात इतकी वर्षं काढून तिची अहिराणी माझ्यापेक्षा साफ होती. मी घरातही हळूहळू पुस्तकी मराठी बोलायला लागले आहे. मग तिने प्लवकांचं सांगितलं. आपण घेतो त्या श्वासातल्या प्राणवायूचा मोठा वाटा या न दिसणाऱ्या जीवांनी बनवलेला असतो, हे ऐकून आबांनी घास खाली ठेवला. थोड्या वेळाने माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हाई बी असंच काहीतरी करस. केळीनं."

त्यांनी ते प्रेमाने म्हटलं होतं. मी ताटात आणखी अर्धी भाकरी वाढून घेतली.

जळगावला परतल्यावर पहिल्याच सुट्टीला मी रावेर गाठलं. विषाणूचं जाऊ द्या, माझा नमुना मिसळलेला नव्हता हे मला सिद्ध करायचं होतं. तो नमुना ज्या बागेतला होता, तिचे मालक वयस्कर होते, सगळे त्यांना नाना म्हणत. मी त्यांना ते झाड दाखवायला सांगितलं.

"ते तं कव्हाच उपटून जाळलं, मॅडम," ते म्हणाले. "ठेवून काय करता? बाकीच्या बागेले लागलं असतं."

मी त्या रिकाम्या जागेवर उभी राहिले. फ्रीजरमध्ये त्या पानाचा अर्धा भाग शिल्लक होता, पण जुन्या पानावर ती पुन्हा तेच म्हणाली असती. मला ताजा पुरावा हवा होता. नाना मागे उभे होते. मी विचारलं, "या ओळीत आणखी कुठे पिवळं दिसतंय?" शेजारच्या ओळीत एका कोवळ्या झाडावर नुकते पट्टे उमटायला लागले होते. त्याचं पान घेतलं. बांधाकडे वळले तर तिथे केना माजला होता, ते निळ्या फुलांचं, ओलीवर पसरणारं तण. त्याच्याही पानांवर फिके डाग होते. पान उलटं केलं, खाली मावा चिकटलेला. तोही घेतला. नाना हसून म्हणाले, "केन्याचं काय करता? तो तं ढोरं खातात."

पुढचे काही महिने मी तिला फोन केला नाही. तिचे दोन आले, तेवढेच उचलले, कामाचं काही बोलले नाही. जुनं अर्धं पान, नवं पान आणि केना, तिघांचेही तिन्ही तुकडे वाचून घेतले. मशीन तिच्याकडे होतं, पण पानं पुण्यालाच पाठवली. क्रम आले त्या दुपारी प्रॅक्टिकल होतं. मुलं गेल्यावर मी दार लावून तीन झाडं काढली.

पहिल्या दोन झाडांत माझा एकटा नमुना बाकीच्या गर्दीत जाऊन बसला. रावेरच्या इतर नमुन्यांसारखाच, त्यांचा सख्खा. तिसऱ्यात, कवचाच्या झाडात, तो केन्याला चिकटला होता. नवं पानही अगदी तसंच. म्हणजे बांधावरच्या तणातला विषाणू माव्याने केळीत नेला होता आणि तिथे केळीतल्या विषाणूशी त्याने एक तुकडा बदलून घेतला होता. बाहेरून कोणताही वंश आलेला नव्हता आणि नमुनाही मिसळला नव्हता.

माझ्या डोक्यात पहिलं वाक्य आलं ते हे: ती चुकली. त्याचा जो आनंद झाला, तो शोधाच्या आनंदापेक्षा मोठा होता. मी लगेच फोन लावला.

"नमुना मिसळलेला नव्हता," मी म्हणाले. आणि पुढचं सगळं सांगितलं.

ती ओरडलीच. मग तिकडून कोणाला तरी इंग्रजीत सांगताना ऐकू आली, "माझ्या मैत्रिणीने बघा काय काढलंय!" पुन्हा फोनवर येऊन म्हणाली, "बघ, तीन झाडं काढायला लावली ना तुला!"

माझा शोध पुन्हा तिच्या प्रश्नापाशी जाऊन उभा राहिला. लेख लिहिताना मी तिचं नाव घालायची तयारी केली, दात आवळून. ती म्हणाली, "वेडी आहेस का? मी फक्त एक प्रश्न विचारला. उन्हात तू फिरलीस." तिने भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. शेवटी आभारात तिचं नाव टाकलं. लेख छापून आला. आबांना दाखवला तर म्हणाले, "तिले धाडना का?"

त्यानंतर रावेरच्या शेतकऱ्यांची बैठक झाली. केळी भरायच्या शेडमध्ये, रिकाम्या क्रेटवर सगळे बसले होते. मी सांगितलं की बांधावरचा केना ठेवू नका, बागेशेजारी काकडी लावू नका कारण तिलाही हाच विषाणू लागतो, पट्टे दिसले की झाड लगेच काढा. आणि कोणी विचारलं नसताना हेही सांगितलं की तीन तुकडे तपासायची सूचना माझ्या मैत्रिणीची होती.

"त्या कुठे असतात?" एकाने विचारलं.

"गोव्याला. समुद्रावर काम करतात."

झालं. केना राहिला बाजूला. समुद्रातही असले रोग पडतात का, कोणाला पडतात, पाण्यात मावा तर नसतो मग पसरतात कसे, प्रश्नांची रांग लागली. मी उत्तरं देत गेले. लाटांबरोबर वाहत जाणारे विषाणू, प्लवकांचा एखादा हिरवा थर काही दिवसांत दुधाळ होऊन विरून जाणं, त्यांच्या मजकुरात अडकलेले जुने तुकडे, कोणत्या खाडीत काय सापडलं. एकाही ठिकाणी अडखळले नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की तिचा प्रत्येक लेख मला ओळ न् ओळ पाठ आहे. चुका शोधत वाचले होते सगळे.

"तुमी गेल्या व्हत्या का समुद्रावर?" नानांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. जुना हेवा पुन्हा वर आला, अगदी ओळखीचा. नाना क्रेटवरून उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "चला मग, आमचे बांध तं पाहून घ्या. केना कोणता ते ह्या पोट्ट्यांले दाखवा एकदा." सगळे उठले. मी पिशवीतून हातमोजे काढले आणि त्यांच्यामागून बागेत शिरले.